जाड प्रकल्पांचं कॉलेज

अठ्ठावीस वर्षं बाइंडरने दुसऱ्यांच्या पोरांचे प्रकल्प-अहवाल बांधले. त्यामुळे कॉलेजांमधलं आपल्याला सगळं कळतं, अशी त्याची ठाम समजूत. ज्याचे प्रकल्प जाड, ते कॉलेज भारी! आता त्याच्याच मुलीला भूगर्भशास्त्र शिकायचं होतं. एकाच फॉर्मपुरते पैसे, उद्या शेवटची तारीख, आणि ही बया तीन दिवस त्याची कॉलेजांची यादी उडवून लावत होती.

"हे घे. फी बसते आपल्याला."

"तिथे तो विषयच नाही, बाबा."

"नाही तर नाही! हिशेब शीक. दगड काय पळून जातायत?"

"अहो, तिचं ऐकून तरी घ्या," बायकोने खळीचं पातेलं आदळलं.

बाइंडरचं डोकं उठलं. ऐकायचं तरी किती? शेवटी त्याने निकालच लावून टाकला. नदीपलीकडचं कॉलेज. विषय आहे, प्रकल्प तर विटेएवढे जाड. फी आवाक्याबाहेरची, पण बाइंडिंगचं दाबयंत्र विकलं की पहिलं वर्ष निघेल. पुढचं पुढे.

दाबयंत्र म्हटल्यावर मुलगी उठलीच. कुणी न्यायलाच न आलेले प्रकल्प फडताळात पडून होते. त्यातले नदीपलीकडचे दोन तिने त्याच्यापुढे टाकले.

"पान एकोणचाळीस. दोन्हींतलं वाचा."

त्याने चष्मा लावला. शब्दन्‌शब्द तोच. चूकसुद्धा तीच. पोरांची नावं तेवढी वेगळी.

मग तिने एक चाळीसपानी प्रकल्प उघडला. टेकडीमागच्या छोट्या कॉलेजचा. असली कामं बाइंडर नाक मुरडूनच घ्यायचा, कारण त्यात सुटायचं काय? आत ओढ्याकाठच्या खडकांची हाताने काढलेली चित्रं होती आणि खाली लिहिलं होतं, 'इथे आमचा अंदाज चुकला.'

"फी निम्म्याहून कमी. आणि चुकलं तर चुकलं म्हणून लिहितात," ती म्हणाली. "मला इथे जायचंय."

"हे तू वाचलंस कधी?"

"तुम्ही खळ लावायचात आणि मला पानं धरून बसवायचात. सात वर्षं. दुसरं काय करणार होते?"

बाइंडर खजील झाला, आणि खजील झाला की तो आणखीच चिडे.

"मग तीन दिवस माझं डोकं का खाल्लंस? पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं होतं, बाबा. तुम्ही पानं मोजत होतात."