चपला हुंगलेला मामा

आमच्या मामाने जितक्या चपला हुंगल्या तितक्या अख्ख्या खानदेशात कुणी पायात घातल्याही नसतील. मामाला लहानपणापासून एक खोड होती. आधी डोळे मिचमिचायचे, मग नाक वर जायचं, मग डावा खांदा कानाला भेटून यायचा आणि शेवटी घशातून ‘हुक्’ असा आवाज निघायचा. एवढी वरात मिरवून झाली की मामा जिथे थांबला असेल तिथूनच बोलणं पुढे चालू करायचा. आता आमच्याकडे कुणाला फेफरं आलं की लोक पायातली चप्पल काढून त्याच्या नाकाला लावतात, नाहीतर कांदा फोडतात. त्यामुळे मामा नव्या गावात उतरला की कुणीतरी परोपकारी गृहस्थ धावत येणारच. मामा कधी रागावला नाही. बोदवडच्या बाजारात एका म्हाताऱ्याने अशीच चप्पल लावली, तर ती नीट हुंगून मामा म्हणाला, "आबा, कातडं चांगलं शे. कोठे लिधी?"

पंगतीत तर मामाचा खांदा उडाला की वाढप्याला वाटे, पाहुण्यांना आणखी हवंय. लगेच पानात बट्टी पडे. अन्नाला नाही म्हणू नये, म्हणून मामा ती खाई, तेवढ्यात खांदा पुन्हा उडे. "खोड खांद्याला, अन् सुटलंय पोट," मामी म्हणायची.

मामा मूळचा धुळ्याकडचा, पण सावद्याला एका मारवाडी शेठजींचा केळीचा ट्रक चालवायचा. मी शिकायला त्याच्याकडे राहत होतो. त्या ट्रकवर मामाचा इतका जीव होता की पोळ्याला बैलांच्या आधी ट्रकच्या कपाळाला गुलाल लागायचा. एकदा पहूरला चहासाठी थांबला असताना उन्हाने आणि जागरणाने मामाची वरात जरा लांबली. तिथल्या एका बैलांच्या व्यापाऱ्याने त्याला सरळ आडवा केला, दुसरा पायांवर बसला आणि तिसऱ्याने चप्पल लावली. मामा सुटून सावद्याला पोचला, पण बातमी त्याच्या आधी पोचली होती. ड्रायव्हरला फेफरं आलं.

शेठजी भला माणूस. दारात येऊन चावी मागताना त्यांची मान वर होत नव्हती. "भाऊ, ट्रक गेला तर दुसरा घेईन. समोरून येणारं माणूस कुठून आणू?" मामाने चावी दिली. यात शेठजींचं काय चुकलं होतं? पण ओट्यावर बसून मामा दुसऱ्यांचे ट्रक बघू लागला आणि काळजीने खांदा दुप्पट उडू लागला. इतकी वर्षं हसण्यावारी नेणारी मामीसुद्धा कांदा जवळ ठेवू लागली. एके दिवशी मामाने मला विचारलं, "मले खरंच फेफरं शे का रे?" घाबरलेला मामा मी पहिल्यांदाच पाहिला.

शेवटी शेठजीच मामा-मामीला आणि मला जळगावच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी विचारलं, "शुद्ध हरपते? पडता? जीभ चावली जाते?"

"नही साहेब. पहूरले त्यानी डावा पायनी चप्पल लावी व्हती, ते बी याद शे."

"येण्याआधी कळतं?"

"खांदामा कायतरी कुरतडस. थोडा येळ दाबी ठेवस, पन मंग दुप्पट येस."

डॉक्टरांनी दाबून धरायला सांगितलं. मामा लालबुंद झाला, आणि सोडल्यावर अशी काही आतषबाजी झाली की कंपाउंडर आत डोकावला. मग मामाच्या हातात पाण्याने काठोकाठ भरलेला पेला दिला. थेंब सांडला नाही. "झोपेत?" डॉक्टरांनी मामीकडे पाहिलं.

"झोपले की देवासारखे," मामी म्हणाली.

"हे फेफरं नाही, कंपवातही नाही. याला टिक म्हणतात. जिवाला काही धोका नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि फेफरं असतं तरी त्याला औषध आहे, चप्पल नाही. आता एवढंच सांगा, गाडी चालवताना खांदा उडतो का?"

मामाने आपल्या खांद्याकडे पाहिलं. हे त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. शेठजी मात्र एकदम ताठ बसले. "मी कितीदा शेजारी बसलोय. स्टिअरिंग धरलं की नाही उडत. एकदाही नाही," ते म्हणाले आणि त्यांनी खिशातून चावी काढून पुढे केली. मामाने हात पुढे केला, तेवढ्यात खांदा उडाला आणि चावी टेबलाखाली गेली. ती शोधायला आम्ही सगळेच, डॉक्टरांसकट, खाली वाकलो. मामी पदरात तोंड लपवून रडत होती की हसत होती, मला कळलं नाही. बहुधा दोन्ही.

मामा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. परवा माझी धाकटी मुलगी जेवताना सारखे डोळे मिचकावू लागली आणि मग तिचा डावा खांदा उडाला. बायकोचा चेहरा पांढराफटक पडला. डॉक्टरांना दाखवायचं ठरलंच, पण तोवर मुलगी दुपारची झोपली होती. आम्ही दोघं तिच्या उशाशी बसून राहिलो. पापण्या शांत होत्या, खांदा गादीवर निवांत टेकला होता. "झोपली की देवासारखी," मी बायकोला म्हणालो, आणि मला मामाची फार आठवण झाली. मग मी उठलो आणि दारातल्या सगळ्या चपला उचलून आत ठेवल्या.