वामकुक्षीचा मास्क

अंथरुणावर पडलं की माझे पाय स्वस्थ पडू देत नसत. बाकीच्या औषधांनी हात टेकले, तेव्हा सदाशिव पेठेतल्या डॉक्टरांनी अफूच्या जातीची गोळी दिली आणि बजावलं, "पाय शांत होतील, पण झोपेत आधीच अडखळणारा तुमचा श्वास आणखी मंदावेल. झोपताना तुमच्या त्या श्वासाच्या मशीनचा मास्क लावायचाच."

रात्री मी तो इमानेइतबारे लावायचो. दुपारी मात्र बिबवेवाडीतलं दुकान बंद करून घरी आलो, की जेवून नुसता आडवा व्हायचो. वामकुक्षीला झोप कोण म्हणतं?

एका दुपारी बायकोने गदागदा हलवून उठवलं. "अहो, श्वास थांबला होता तुमचा!"

"जरा डोळा लागला होता, इतकंच."

"श्वासाला कळतं का ते?"

संध्याकाळीच डॉक्टरांना गाठून सगळं कबूल केलं. त्यांनी झापलं आणि गोळी कमी केली. वामकुक्षी मी सोडणार नव्हतोच. तेव्हापासून एक ते चार दुकान बंद आणि मास्क चालू. शेजारी हसतात. हसोत बापडे.

आठवड्याभराने बायकोही दुपारी शेजारी गाढ झोपली. मला हलवून उठवलं त्या दिवसापासून ती रोज दुपारी माझा श्वास ऐकत जागी बसत होती, हे मला तेव्हा कळलं.