दहाव्याला दिलेला शब्द

माझी बायको गेली त्याला पाच महिने झाले. लोक म्हणतात हळूहळू सवय होते. मला झालेली नाही, आणि होईल असं वाटत नाही. पण मला सांगायचंय ते तिच्या दहाव्याला मी जे बोलून बसलो त्याबद्दल.

खाडीवर सकाळी आठला पिंड मांडले. साडेदहा झाले तरी कावळा शिवेना. समोरच्या झाडावर चार-पाच बसलेले, मान वाकडी करून नुसते बघत होते. मुलगा हात जोडून म्हणाला, "आई, बाबांना मी अंतर देणार नाही." कावळे हलले नाहीत. मेहुणी म्हणाली, "ताई, तुझ्या तुळशीला रोज पाणी घालू." मागे कोणीतरी पुटपुटलं, "आपल्या दिवा गावात प्यायला पाणी नाही, तुळशीला कुठून आणणार?" दोघंतिघं हसू दाबून उभे राहिले. ऊन वाढत चाललेलं. भटजींना पुढचं काम होतं. ते म्हणाले, "आणखी दहा मिनिटं बघू. नाहीतर दर्भाचा करून शिववू."

दर्भाचा म्हणजे गवताचा कावळा. मला ते लागलं. जिने उभा जन्म आमच्यासाठी काढला तिची बोळवण गवतावर करायची? मी पुढे झालो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, "तुझा जीव नातीत अडकलाय ना? तिचं त्या विज्ञानाच्या विद्यापीठात नाव लागेल. मी शब्द देतो."

थोड्याच वेळात कावळा उतरला आणि पिंडाला शिवला. मेहुणीने पदराने डोळे पुसले. घरी येऊन मी दहा दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवलो. नात समोर बसून मी जेवतोय ते बघत होती. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

आता हे विद्यापीठ काय ते मला कोणी विचारू नये. मी सातवी नापास. डोंबिवलीच्या कंपनीत रंगाची पिंपं ढकलत नोकरी गेली. कोणता रंग चालू आहे हे बायको माझी बनियन बघून सांगायची, विज्ञान म्हणजे मला तेवढंच. पण नात पहिल्यापासून हुशार. दहावीला शाळेत पहिली, बारावीलाही कॉलेजात वरच्या नंबरात. विद्यापीठ बंगळूरकडे आहे, तिथे देशभरातून थोडीच मुलं घेतात, आणि तिथे नाव लागलं की पुढे संशोधन करता येतं, एवढं मला तिनेच समजावलेलं.

आजीने तिच्या अभ्यासासाठी काय केलं ते मी बघितलंय. आमच्याकडे पाणी पहाटे येतं, तेही थोडा वेळ. पोर त्याच वेळेला अभ्यासाला उठायची. नळाचा आवाज होऊ नये म्हणून ही पिंपात फडकं सोडायची, पाणी फडक्यावरून गुपचूप उतरायचं. ती गेल्यावर पाणी मी भरायला लागलो. पहिले आठ दिवस फडक्याचं लक्षातच आलं नाही. एक दिवस फडकं तिनेच पिंपात सोडून ठेवलेलं दिसलं.

परीक्षा झाली, निकाल आला. चांगला होता, पण पहिल्या यादीत नाव नव्हतं. ती वेटिंगला, बावन्नावी. तेव्हापासून माझी झोप गेली. बावन्न म्हणजे जवळ की लांब, कोणीच नीट सांगेना. मी ठाण्याला वर्तकनगरात तिच्या क्लासच्या सरांकडे गेलो.

"सर, सरळ सांगा. लागेल का?"

"आजोबा, एका वर्षी साठच्या पुढे गेलेली यादी. एकदा चाळिशीतच थांबली."

"यंदा?"

"ते वर कोण किती जागा सोडतं त्यावर आहे."

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही."

"नाही," सर म्हणाले आणि हसले. मला हसू आलं नाही. मी जिना उतरलो, परत चढलो आणि विचारलं, "पण तुमच्या मनाला काय वाटतं?" सरांनी मला पाणी दिलं.

दुसरी यादी आली. नात सदतिसावी झाली. तिसरीत सव्विसावी. आता एकच यादी राहिलेली. रोज सकाळी गॅलरीत कावळ्याला पोळीचा तुकडा ठेवताना मी हळूच विचारायचो, "लागेल ना गं?" कोणाला विचारत होतो ते वेगळं सांगायला नको.

मध्येच दुसरं कोडं उभं राहिलं. ठाण्याच्या कॉलेजात बीएस्सीला तिचं नाव आलं. चांगलं कॉलेज. पण तिथे प्रवेश घ्यायची शेवटची तारीख शुक्रवार, आणि विद्यापीठाची शेवटची यादी त्यानंतरच्या मंगळवारी. मुलगा म्हणाला, "इथलं घेऊन ठेव. तिकडे लागलं तर सोडता येतं." पोरगी ऐकेना. म्हणे, "नाही लागलं तर ड्रॉप घेईन, वर्षभर घरी बसून परत परीक्षा देईन." सून समजावून थकली. शेवटी मला म्हणाली, "बाबा, तुम्ही सांगा. तुमचं ऐकेल ती."

मला कळत होतं कुठे काय अडकलंय. म्हणजे तेव्हा तसं वाटत होतं. पोरगी त्या कावळ्याला घाबरली. आजीला दिलेला शब्द मोडला तर आजीचा जीव लटकेल, असं धरून बसली.

गुरुवारी संध्याकाळी ती गॅलरीत दोरीवरचे कपडे काढत होती. मी म्हटलं, "हे बघ, खाडीवर बोललो त्यात काही अर्थ नव्हता. पाय भाजत होते, पोटात काही नव्हतं. बाजूच्या पिंडाची माणसं झाडाखाली उभी होती, ती निघून गेली म्हणून कावळा उतरला. मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं."

ती चादरीची घडी घालत होती. थांबली नाही. "मला माहितीये, आबा. मी पण बघितलेलं."

"मग ड्रॉपचं खूळ कशाला?"

"तुमच्यासाठी."

"माझा काय संबंध?"

"आजी गेल्यावर तुम्ही जेवत नव्हता. चहा ठेवला तर तो पण तसाच. त्या दिवशी शब्द दिलात आणि घरी येऊन जेवलात. मी नापास झाल्यासारखं इथेच राहिले की तुम्ही परत तसेच बसणार. रोज कावळ्याला विचारता ते आत ऐकू येतं मला. माझं टेबल खिडकीलाच आहे ना."

जिच्या कानाला नळाचाही आवाज जाऊ नये म्हणून आजी पिंपात फडकं सोडायची, तिच्या कानाशी मी रोज सकाळी "लागेल ना" करत होतो.

मी म्हटलं, "तुझ्या आजीला ते विद्यापीठ कुठे आहे तेही माहीत नव्हतं. ती विचारायची, तिथे मेसमध्ये भाकरी देतात का. एवढंच."

पोरगी हसली. मग हसता हसता रडली. मला जवळ वगैरे घेता येत नाही, मी तिच्या हातातली चादर घेतली आणि तिने घातलेली घडी चुकीची म्हणून परत घातली.

"शब्द मी दिलेला," मी म्हटलं. "त्याचं काय करायचं ते मी आणि ती बघून घेऊ. तू उद्या ठाण्याला चल."

"तुम्ही जेवाल?"

"जेवेन."

"रोज?"

"अगं, लिहून देऊ का?"

शुक्रवारी आम्ही दोघं गेलो. फाईल मी धरलेली. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "पालक कोण?" मी म्हटलं, "मीच." बाहेर येऊन आम्ही मिसळ खाल्ली, आणि मी किती खातो याकडे पोरीचं लक्ष होतं, म्हणून मी जास्तीचा पाव मागवला.

आज सोमवार. यादी उद्या लागेल. सव्विसावी म्हणजे जवळ की लांब, मला अजून कळत नाही. सकाळी पिंपात फडकं सोडून पाणी भरलं, पोळीचा तुकडा गॅलरीत ठेवला आणि काही न विचारता आत आलो. दुपारी ताटात वाढलेलं सगळं संपवलं. आत्ता पोरगी पलीकडच्या खोलीत कोणाशी तरी फोनवर बोलतेय, मध्येच हसतेय. मी कितीदा तरी उठून पाणी प्यायलो. तिला वाटत असेल आबांना तहान लागलीये.