आईच्या फडक्यातून गाळलेली हवा

सुप्याच्या कारखान्यात मी दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्यांचे भाग बनवते. मग स्वतःच्या गाडीला हात लावायला कुणाची परवानगी घ्यायची? लाल, बुटकी, दोन शिटांची स्पोर्ट्स कार मी जुनीच घेतली, तर अख्ख्या तिसगावानं नावं ठेवली. आई सगळ्यांच्या पुढं. "दोनच शिटा? मानसं काय टपावर बसवायची?" घरात माणसं दोनच, ती आणि मी. पण हे तिला कोण सांगणार!

खरी भानगड झाली ती मी इंजिनावर चकचकीत, उघडा एअर फिल्टर बसवल्यावर. आवाज असा झकास यायचा की बस्स! पण तो इंजिनाशेजारची तापलेली हवाच ओढायचा, आणि गरम हवेवर इंजिनाची ताकद कमी होते. आईला घेऊन नगरला निघाले आणि भर उन्हात करंजीच्या घाटात गाडी मलूल झाली. खच्चून भरलेली पाथर्डीची जीप आम्हाला ओलांडून गेली. मागं लटकलेल्या गावकऱ्यांनी आईला ओळखून हातही केला.

घरी आल्याआल्या आईनं पदरानं घाम पुसला. मग म्हणाली, "तुझ्या मामेभावाला गाडी आवडलीय. रविवारी येतोय, देऊन टाक त्याला."

"आणि घाट चढली तर?"

"मला बसवून, दम न टाकता चढली तर ऱ्हाऊ दे."

गाडी माझ्या कष्टाची, पण आईनं माहेरी शब्द दिला की तो मोडायची माझी काय बिशाद! मी तयारीला लागले.

अंगणात पत्रा कापून फिल्टरला बंद डबा केला, म्हणजे इंजिनाची झळ लागणार नाही. डब्याला जाड रबरी पाइप जोडला आणि गार हवेसाठी त्याचं तोंड पुढच्या बंपरमागं काढलं. काम फक्कड झालं होतं. जेवून शेताकडच्या कच्च्या रस्त्यानं फेरी मारायला निघाले, तर कितीही दाबा, गाडी उचलेचना. घुसमटल्यासारखी नुसती गुरगुरत होती. घरी आणून सगळे जोड उघडले, पुन्हा आवळले, बोटं सोलवटून घेतली. शेवटी पाइपच्या तोंडाशी हात घातला, तर तिथं जुन्या नऊवारीचं चौपदरी फडकं, सुतळीनं गच्च बांधलेलं!

"आई! हे काय केलंस?"

"तू जेवत हुतीस तवा बांधलं. उघडं तोंड ठेवत्यात व्हय? पाली शिरत्यात."

आमच्याकडं नळ, रांजण, टाकीचा पाइप, कशाचंही तोंड उघडं राहत नाही. मला ठाऊक असायला हवं होतं. पण मी भडकलेच. "गळा दाबलास तू इंजिनाचा!"

"वरडू नको. फडकं बघ आधी, किती मळलंय."

बघितलं. एका फेरीत फडकं मातीनं भरलं होतं. ती सगळी धूळ माझा फिल्टर खाणार होता, आणि चार दिवसांत तोही असाच तुंबला असता. पाइपचं तोंड चाकांच्या धुरळ्यात ठेवणारी मी, आणि भांडत होते आईशी! पाइपचं तोंड फिरवून वर घेतलं, पुढच्या काचेच्या खाली, जिथं धुरळा कमी आणि हवा गार. आईला म्हटलं, "आता बांधू नकोस हं, तुला माझी शपथ."

रविवारी सकाळी घाटाला लागलो. आईनं दाराची कडी घट्ट धरलेली. चढ आला, मी गिअर टाकला आणि गाडी अशी सुटली की माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पुढं पुन्हा तसलीच भरलेली जीप. मी ओलांडायला लागले, तर आई म्हणते, "जरा हळू घे की. दिसू तरी दे त्यांना."

घाटमाथ्यावर थांबलो तेव्हा आईचा मोबाईल वाजला. मामेभाऊ होता, निघतोय म्हणत होता.

"गाडी न्हाई मिळायची रे," आई म्हणाली. "दोनच शिटा हायेत, आन् दोन्ही भरल्यात."