सईबाईची उलटी प्रदक्षिणा

सईबाईची आणि माझी ओळख झाली ती मद्रासच्या गिंडीत, आयुधपूजेच्या दिवशी. माझे यजमान तिथल्या एका लहानशा कारखान्यात सुपरवायझर होते. त्या दिवशी यंत्रांना हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून सगळ्यांच्या घरच्यांना बोलवायची तिथली पद्धत. मी एका लेथपुढे हात जोडले आणि माझ्या अकरा वर्षांच्या लेकीला म्हटलं, "तुळजा, नमस्कार कर गं."

मागून आवाज आला, "तुम्ही मराठी की? कोठले?"

वळून बघते तर ऑफिसातली टायपिस्ट. एकोणतीस-तीस वर्षांची, सडपातळ, केसांत मोगरा, आणि चेहरा मात्र शेतात राबणाऱ्या बाईसारखा उन्हानं रापलेला.

"मिरजेचे," मी म्हटलं.

"आम्ही तंजावरचे. आमचे वडील सांगत, आमचे कोणी पूर्वज तिकडूनच आले. तीनशे वर्षं झाली त्यास."

"मग आता परत यायला जरा उशीरच झाला."

ती एवढ्या मोठ्यानं हसली की पूजा सांगणाऱ्या गुरुजींनी मान वर करून बघितलं. मद्रासला येऊन मला दीड वर्ष झालं होतं. यजमान आणि लेक सोडून इतरांशी मराठीत बोलून किती दिवस लोटले होते, ते त्या हसण्यानं माझ्या लक्षात आलं.

मग तिनं तुळजाकडे नीट बघितलं. दंड दाबून बघितला, जसा गवळी गाय बघतो. "हिला पोहता येते?"

"येतं. सुट्टीत कृष्णेत शिकली."

"मग रविवारी मजकडे द्या."

"कशाला?"

"शिडाची होडी शिकवते," ती म्हणाली, आणि प्रसादाचं सुंडल, म्हणजे हरभऱ्याची उसळ, खायला निघून गेली.

सईबाईचे वडील व्यंकोजीराव. बंदराच्या भिंतीआड शिडाच्या होड्यांचा एक जुना क्लब आहे, तिथं ते तीस वर्षं शिडं शिवायचं काम करत. क्लबाचे सभासद म्हणजे कंपन्यांचे साहेब, डॉक्टर, वकील. व्यंकोजीराव सभासद नव्हते, कामगार होते. सईबाई लहानपणी त्यांच्या शिलाई मशीनखाली बसून दोऱ्याची रिळं लावायची. एखाद्या सभासदाचा जोडीदार आला नाही, की होडी वाऱ्यानं कलंडू नये म्हणून वजनाला हिला बसवून न्यायचे. "वजन म्हणून गेले आणि शिकून आले," असं ती सांगायची. दहा-बारा वर्षं ती अशी दुसऱ्यांच्या होडीत बसली. त्यांना कप मिळाले, हिला सरबत मिळालं. तिला त्याचं काही वाटायचं नाही. वडील गेले, तिनं टायपिंग शिकून गिंडीत नोकरी धरली, पण रविवार काही सुटला नाही.

मैलापुरातल्या तिच्या नातेवाईक बायका टोमणे मारायच्या. "मुलीनं नवरा बघायचा, तर ही वारा बघते." ती म्हणायची, "वारा निदान दुपारी नेमाने येतो."

क्लबात पोरांच्या सहा चौकोनी होड्या धूळ खात पडल्या होत्या. एका मुलानं एकट्यानं चालवायची होडी, एक शीड, एक सुकाणू, झालं. सईबाईनं त्या खरवडल्या, रंगवल्या, वडिलांच्या मशीनवर शिडांना ठिगळं लावली आणि सेक्रेटरींपुढे जाऊन उभी राहिली. सेक्रेटरी चंद्रमौळी, हायकोर्टात वकिली करणारे, मोजकं बोलणारे गृहस्थ.

ते म्हणाले, "एक हंगाम देतो. जानेवारीअखेर निवडीची शर्यत आहे. पहिली तीन मुलं मुंबईला जातील. तुमचं एक तरी मूल त्या तिघांत दिसलं, तर लहान मुलांचा वर्ग तुमचा. नाहीतर नौदलातले एक निवृत्त अधिकारी यायला तयार आहेत. सभासदांचीही तीच इच्छा आहे."

"सेरी, सर," सईबाई म्हणाली. म्हणजे बरं. दुसरं काय म्हणणार?

सभासदांची मुलं लहानपणापासून बापाबरोबर पाण्यात. सईबाईकडे आली ती आमच्यासारख्यांची सहा मुलं. त्यांना तिनं पहिला महिनाभर पाण्याला पायसुद्धा लावू दिला नाही. अंगणात डांबराचं एक रिकामं पिंप ठेवलं, प्रत्येकाच्या हातात सुकाणू म्हणून एक काठी दिली आणि त्या पिंपाभोवती चालायला लावलं.

शर्यत असते ती पाण्यात नांगरलेल्या तीन बोयांना वळसा घालायची. बोया म्हणजे मोठा तरंगता गोळा. त्याच्या जितकं जवळून वळाल तितका वेळ वाचतो, पण होडी त्याला लागली की चूक. आणि बोया कायम डाव्या हाताला ठेवायचा.

"देवळात प्रदक्षिणा कशी घालता?" सईबाई विचारायची. "भिंतीस खेटून, पण अंग न लावता. तशीच ही. फक्त देवास उजवा हात, बोयास डावा. बोया देव नव्हे, कण्णा. काय नव्हे?"

"देव नव्हे!" तिची सहाही कण्णा, म्हणजे बाळं, ओरडायची आणि पिंपाभोवती फिरायची.

एकदा चंद्रमौळी व्हरांड्यातून बघत होते. इंग्रजीत म्हणाले, "मिस, हा क्लब आहे, देऊळ नव्हे."

"सर, देवळात शंभर माणसं फिरतात, कोणी कोणास धडकत नाही. तुमच्या मागच्या शर्यतीत किती होड्या धडकल्या?"

"चार," असं म्हणून ते आत गेले.

तुळजानं एकदा विचारलं, "टीचर, चुकून उजव्या बाजूनं वळले तर?"

सईबाईनं दोरीचा तुकडा घेतला, पिंपाला उलटा गुंडाळला, मग सोडवला, मग सरळ गुंडाळून दाखवला. "आल्या वाटेने मागे जायचे. गाठ सोडवायची. मग नीट वळायचे. कोणी पाहिले असो वा नसो. त्याविना पुढे जायचे नाही."

पोंगल झाला आणि निवडीचा रविवार आला. आदल्या संध्याकाळी मी तुळजाला मैलापूरच्या देवळात नेलं. तिथल्या गणपतीवर माझी श्रद्धा. मी मनात म्हटलं, देवा, माझ्या लेकीचं जाऊ दे, पण त्या बाईचं काम टिकू दे. आणि तुळजाला एकशे आठ प्रदक्षिणा घालायला लावल्या.

सत्तराव्याला ती म्हणाली, "आई, मला गरगरतंय."

"आज गरगरलं की उद्या होडीत गरगरत नाही," मी ठोकून दिलं.

सकाळी क्लबाच्या धक्क्यावर ही गर्दी. सभासद, त्यांच्या बायका, थर्मास, दुर्बिणी. सईबाई रोज वडिलांच्या खाकी पँटीत असायची, आज कमिटीसमोर जायचं म्हणून मोहरी रंगाचं रेशमी पातळ नेसून आली होती. चंद्रमौळींनी भोंग्यातून नियम सांगितले: किनाऱ्यावरून ओरडून कोणी मुलाला सूचना दिली, तर ते मूल बाद.

बंदुकीचा बार झाला आणि अठरा होड्या सुटल्या. मला शिडांवरचे आकडे कळेनात, पण तुळजाच्या शिडाला कोपऱ्यात तपकिरी ठिगळ होतं, ते मी धरून ठेवलं. वारा जमिनीवरून, अगदी मंद. माझी लेक अंगानं हलकी, त्यामुळे होडी सुळसुळत पुढे. पहिल्या बोयाशी पोचली तेव्हा मागच्या होडीला तिच्याशी भिडायला चार होड्यांचं अंतर होतं.

"पहिली आहे! सईबाई, पहिली!"

सईबाईनं माझं मनगट असं आवळलं की दोन बांगड्या वाढल्या. कारण तुळजा बोयाला खेटून, अंग न लावता, अगदी देखणी वळली होती. उजव्या हातानं.

बोयाजवळ पंचांची एक बोट होती. त्यातले दोघं नांगराच्या दोरीचा गुंता सोडवत होते, त्यांनी मान वर केली नाही. धक्क्यावरही बहुतेकांच्या ध्यानात आलं नाही. ओरडावं तर पोर बाद. सईबाईनं पदराचा बोळा तोंडाशी धरला.

मला राहवेना. "सईबाई, हे माझ्यामुळं झालं. काल देवळात मी तिला एकशे आठ घालायला लावल्या."

तिनं पदर काढला. "एकशे आठ? अय्यो अक्का, नऊ पुरे होत्या की!"

एवढ्यात मागच्या होड्या बोयाशी आल्या आणि सगळ्या डावीकडून वळू लागल्या. तुळजा समोरून त्यांच्या तोंडावर. क्षणभर तिचं शीड नुसतं फडफडत राहिलं. मग ती वळली. आल्या वाटेनं मागं गेली, बोयाला उलटा वळसा घालून गाठ सोडवली, आणि तिथं पोचलेल्या होड्या जाईपर्यंत वाट बघून पुन्हा नीट, डाव्या हातानं वळली. पहिली होती ती अकरावी झाली.

"सोडवली," सईबाई पुटपुटली. डोळे भरले होते, तरी चेहरा फुलला होता. "पाहिलेत? कोणी सांगितले नाही, सोडवली."

"पण आता तुमचं काय?" मी म्हटलं. तिच्या बाकीच्या पाच मुलांची शिडं तुळजाच्याही मागं होती.

ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती पूर्वेला, बंदराच्या तोंडाकडे बघत होती. "उगे राहा, अक्का. वारा थांबतोय."

आणि खरंच, पुढच्या दहा होड्यांची शिडं वाळत घातलेल्या धोतरांसारखी लोंबायला लागली. पोरं होडीत हलून हलून ती पुढं ढकलायला बघत होती. तुळजानं तेवढ्यात होडी फिरवली आणि त्या गर्दीपासून लांब, बंदराच्या तोंडाकडे, एकटीच निघाली.

माझ्या मागं एक बाई म्हणाल्या, "ती बघा, रुसून निघाली पोरगी."

"रुसली नाही," सईबाई वळून तमिळमध्ये म्हणाली, "पाणी वाचते आहे ती."

तेव्हा मला दिसलं. बंदराच्या तोंडाशी पाण्याचा रंग काळसर झाला होता आणि ती काळी पट्टी आत सरकत होती. दुपारचा समुद्रवारा, त्या दिवशी तासभर लवकर आलेला. पुढची होडी अडली की तिच्यामागं जायचं नाही, पाण्याचा रंग बघायचा, हे सईबाईनं प्रत्येक पोराच्या डोक्यात भरलेलं. ती पट्टी पहिल्यांदा पोचली ती तपकिरी ठिगळापाशी. शीड फुगलं. होडी अशी कलंडली की मी "गणपती बाप्पा" म्हणून डोळेच मिटले.

"डोळे उघडा अक्का, मोजा! नऊ... आठ... सात!"

आम्ही दोघी त्या साहेबमेमसाहेबांच्या घोळक्यात अंगणातल्या पोरींसारख्या ओरडत मोजत होतो. आकडे ओरडायला नियमात बंदी नव्हती. दुसरा बोया तिनं डाव्या हातानं घेतला, तिसराही. बाकीच्यांना वारा मिळेपर्यंत ती पाचवी होती. शेवटच्या सरळ वाटेवर आणखी एक होडी मागं पडली.

पहिल्या होडीला भोंगा वाजला. दुसरीला वाजला. मग दोन होड्या एकदमच रेषेवर आल्या. एक तुळजाची, दुसरी एका डॉक्टरांच्या मुलाची. भोंगा एकदा वाजला, आणि श्वास घेण्याइतक्या वेळानं परत. पहिला कुणाचा, दुसरा कुणाचा?

पंच आपसात बोलत राहिले. मी जप करत होते. सईबाई जप नव्हती करत. तिनं पातळाचा काचा मारला आणि होड्या उतरवायच्या उतारावरून सरळ पाण्यात चालू लागली.

"अहो, रेशीम!" मी ओरडले.

"होडी यावयाची आहे!"

ती कमरेइतक्या पाण्यात पोचली तेव्हा भोंग्यातून चंद्रमौळींचा आवाज आला. तिसऱ्या आलेल्या होडीचा आकडा त्यांनी दोनदा सांगितला. मला त्यातलं काही कळलं नाही. पण सईबाईनं दोन्ही हातांनी पाणी वर उडवलं, मोहरी पातळ नखशिखांत भिजलं, आणि बाकीची पाच मुलं आपापल्या होड्यांतून किंचाळायला लागली, तेव्हा कळलं.

तुळजा किनाऱ्याला आली. तोंड एवढंसं. "टीचर, पहिल्या बोयाला मी..."

"ठाऊक आहे."

"रागावलात?"

"सोमवारी रागावते. आज सवड नाही. शीड उतरव आधी."

चंद्रमौळी हातात मुंबईचा फॉर्म आणि पेन घेऊन उताराच्या कडेशी आले. पांढरी पँट, खडूनं पांढरे केलेले बूट. ते म्हणाले, "पहिल्या बोयाशी ती परत फिरली, ते मी दुर्बिणीतून पाहिलं. आमच्या पंचांनी पाहिलं नव्हतं." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "मुलांबरोबर जाणाऱ्या प्रशिक्षकाचं नाव लिहायचं आहे. पूर्ण नाव सांगा, मिस."

सईबाई पाण्यात, एका हातात डोलकाठी, दुसऱ्या हातात गळणारा पदर. पाच होड्या अजून यायच्या होत्या.

"सांगते सर. थांबा थोडे, ही होडी वर घेऊ." मग तिनं आजूबाजूला बघितलं. जवळ मी, आणि माझ्यात काय ताकद! "तुम्ही ती बाजू धरता?"

चंद्रमौळींनी फॉर्म घडी करून खिशात घातला, पेन माझ्या हातात दिलं आणि बुटांसकट पाण्यात उतरले.