वैशालीच्या लग्नाचा पुरावा

व्हिसाची फाइल जाड होत जाते, तसे किस्सेही साचत जातात. कागद ऑफिस ठेवून घेतं, किस्से आपल्याकडे राहतात. माझी धाकटी बहीण वैशाली हिची फाइल दोन वर्षं माझ्या कपाटात होती, त्यामुळे माझ्याकडे साठा भरपूर आहे.

वैशालीचं लग्न निंबोल्याच्या योगेशशी झालं. त्यांच्या घरची केळीची बाग, पण हा कॅनडात वेल्डर. लग्नानंतर बारा दिवसांनी तो परत गेला. आता हे लग्न खरं आहे, व्हिसापुरतं केलेलं नाही, हे तिकडच्या ऑफिसला पटलं तरच वैशाली जाणार. नाही पटलं तर नवरा तिकडे आणि बायको इथे राजपुऱ्यात. मी शाळेत मास्तर, इंग्रजी अर्ज वाचता येतो, म्हणून पटवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

*

आधी दोघांचेच फोटो मागितले. आमच्याकडे लग्नात नवरा-नवरी एकटे सापडतात कुठे? प्रत्येक फोटोत मध्ये एखादा मामा उभा. शेवटी अल्बमच्या मागच्या पानांवर दोघांचेच सहा फोटो मिळाले, ते मी पाठवून दिले.

महिन्याभराने पत्र आलं. अर्जात स्वित्झर्लंडच्या प्रवासाचा उल्लेख का नाही?

आमच्या फोटोग्राफरने दोघांच्या मागे बर्फाचे डोंगर चिकटवले होते! मग स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं की सदर जोडपं स्वित्झर्लंडला कधीही गेलेलं नाही. वकील म्हणाला, "मास्तर, लोक गेल्याचे पुरावे आणतात, तुम्ही न गेल्याचे आणले."

*

सासरच्या मंडळींनी पत्र दिलं की आमच्या योगेशचं लग्न गायत्रीशी झालं. लग्नात योगेशने ताटातल्या तांदळांवर बायकोचं नवं नाव लिहिलं होतं, गायत्री. सासरी तेच चालतं. पासपोर्टवर मात्र वैशाली.

ऑफिसने विचारलं, गायत्रीशी घटस्फोट कधी झाला?

मी घाबरत घाबरत विहीणबाईंना सांगितलं. त्या केळी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नाव माह्या पोरानं ठेवलं. त्यांले काय तरास?"

हे इंग्रजीत कसं लिहायचं, यात माझा एक रविवार गेला.

*

नातेवाइकांची साक्षीपत्रंही जोडायची होती. योगेशच्या इच्छापूरच्या आत्याने दोन पानं लिहून दिली. लग्न झालं हे पहिल्या ओळीत होतं. पुढे सगळं, मानाची साडी मले दिली नाही, पंगतीत मले शेवटी बसवलं, आणि मुलीकडच्यांना रीतभात नाही.

मी ते पत्र बाजूला काढलं. वैशालीने उचलून परत फाइलमध्ये लावलं. "राहू दे दादा," ती म्हणाली, "खोट्या लग्नात कोणी रुसत नाही."

*

व्हिडिओ कॉलचे स्क्रीनशॉट हवे होते. पाहिले, तर प्रत्येकात वैशालीच्या मागे आम्ही सगळे. आई लोणच्याची बरणी दाखवतेय, शेजारच्या काकू डोकावताहेत, मीही दोनदा आहे. मी चिडून विचारलं, "अगं, तुम्ही दोघंच बोलत असतानाचा एक नाही?"

ती म्हणाली, "एकटीले बोलू देता कधी?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून वरची खोली तिला मोकळी करून दिली. आईला जिन्यावरून दोनदा परत आणावं लागलं.

*

शेवटी दिल्लीला मुलाखत झाली. मी बाहेर बसलो होतो. आत काय झालं ते तिने परतीच्या गाडीत सांगितलं.

अधिकाऱ्याने फाइल मिटली आणि दुभाष्यामार्फत विचारलं, बारा दिवस सोबत राहिलात, मग तुमचं शेवटचं भांडण कशावरून झालं?

हिने सांगितलं. योगेश बर्फावरून पडला, उजवं मनगट मोडलं, आणि घरी कोणाला कळू दिलं नाही. तीन आठवडे तो हात फोनमध्ये दिसणार नाही असा बसायचा. एकदा त्याला डाव्या हाताने जेवताना हिने पाहिलं. तेव्हापासून जुंपली होती. किती रागावली, काय काय बोलली, ते सगळं सांगितलं. दुभाष्या मागे पडायला लागला, तशी ती थांबली.

अधिकाऱ्याने विचारलं, मग मिटलं का?

"कसं मिटेल, साहेब? फोनवर भांडता येतं. मिटवायला समोर बसावं लागतं."