गाठोड्याची गाठ

दुष्काळाच्या त्या वर्षी आम्ही पहिल्यांदाच ऊस तोडायला गेलो. तिसगावच्या पुढं आमचं जिरायत रान होतं, गावात वडलांच्या शब्दाला मान होता. पण विहिरीनं तळ दाखवला, तसा बैलगाडीत संसार घालून आम्ही नेवाशाकडं उतरलो. मी तेव्हा परकर नेसायच्या वयाची, घरात थोरली.

तिथं आम्हाला नावं नव्हती. लहानथोर सगळे ‘कोयतेवाले’ म्हणायचे. आम्ही बांधावरून गेलो की बायका वाळत घातलेली लुगडी आत घ्यायच्या. एरवी आईचा राग नाकावर असायचा, पण पोटासाठी तिनं तो गिळला.

एका सकाळी बागायतदाराच्या घरातलं पितळेचं मोठं पातेलं सापडेना. माणसं सरळ आमच्या कोप्यांवर, पाचटाच्या झोपड्यांवर आली. वडील हात जोडून उभे राहिले. आम्ही जमीनजुमला असलेली माणसं आहोत, एवढंच पुन्हापुन्हा सांगत होते, ऐकतो कोण? त्या माणसांनी आईचं गाठोडं ओढून बाहेर आणलं, गाठ सोडली आणि मातीत उपडं केलं. कुंकवाचा करंडा पडला, ठिगळं लावलेली चोळी पडली, आणि बाईच्या अडचणीच्या दिवसांत लागणारी, धुऊन घडी घातलेली चिरगुटंही पडली. एकानं ती काठीनं उलटीपालटी करून पाहिली. आईनं पदर तोंडावर ओढला. त्या माणसाचा मला आजही संताप येतो.

पातेलं कल्हईवाल्याकडं गेलं होतं. दुपारी मुकादमाकडून कळलं. बागायतदाराच्या घरचं कुणी सांगायला आलं नाही.

उन्हाळ्यात आम्ही परतलो. गावाबाहेरच्या माळावर एक पारधी कुटुंब पाल ठोकून राहायचं. गावात काही हरवलं की तिकडं जाऊन झडती घ्यायची ही रीतच होती, आणि वडलांना त्यात कधी वावगं वाटलं नव्हतं. आम्ही येऊन थोडेच दिवस झाले असतील, कुणाची तरी शेळी हरवली. या खेपेला पालच उखडून त्यांना हाकलून द्यायचं, असं बोलत माणसं निघाली. वडील पुढं होते.

आई भाकरी थापत होती. तिनं तवा उतरवला, कोपऱ्यातलं तेच गाठोडं काखेत मारलं आणि निघाली. मी तिच्या मागं पळाले.

आम्ही पोचलो तेव्हा पारधीण आपलं गाठोडं बाहेर आणून त्याची गाठ सोडत होती. तिला अजून कुणी काही म्हटलंही नव्हतं. तिचा नवरा बाजूला हात जोडून उभा होता. आईचा चेहरा इतका पडलेला मी कधी पाहिला नव्हता, नेवाशालाही नाही.

तिनं आमचं गाठोडं वडलांच्या पायाशी ठेवलं.

“आदी हे सोडा. सगळ्यांम्होरं सोडा.”

वडलांनी तिला घरी जायला सांगितलं. ती हलली नाही. आवाजही तिनं चढवला नाही.

“तितं तुमी असंच हात जोडून उभे हुता,” तिनं त्या माणसाकडं बोट केलं. “वळखा तरी.”

वडलांनी मान खाली घातली. मग ते माघारी वळले, आणि पुढारी गेल्यावर बाकीचेही कुरकुरत पांगले. पाल राहिलं. शेळी शेवटपर्यंत सापडली नाही. गावानं त्याचं खापर आईवर फोडलं, पाण्यावर बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या. आईला त्याचं दुःख झालं, पण पस्तावा कधी झाला नाही.

माणसं गेल्यावर आई त्या पारधिणीसमोर मातीत बसली. अर्धवट सुटलेलं गाठोडं तिनं आपल्याकडं ओढलं. बाई बावरून तिच्याकडं पाहत राहिली.

“बगायचं न्हाई?” तिनं विचारलं.

“न्हाई,” आई म्हणाली, आणि तिनं गाठ घट्ट मारली.